स्टेशनावरची सोनसावर

रविवार, ७ जानेवारी २००७, सकाळी साडेदहा. पैजेची रक्कम: दोन प्लेट दालपकवान, वर कांदा. हजर: तुम्ही, मी, आणि साक्षीला माझी बायको शैला, हातात टिकल्यांचं पाकीट घेऊन. जागा: बदलापूरच्या आमच्या घराची बाहेरची खोली, जमिनीवर पसरलेला तालुक्याचा नकाशा.

बाई, त्यानंतर अकराव्या दिवशी तुम्ही गेलात. तुमचा जन्म कधीचा, उल्हासनगरच्या कॉलेजात प्रयोगशाळा सहायक म्हणून किती वर्षं काढलीत, हे सगळं कॉलेजवाले त्यांच्या अंकात छापणार आहेत. त्यांच्याकडे फाइल आहे. मी फक्त पैजेचं लिहितो. निकाल मार्चमध्ये लागला आणि तो तुम्हाला कळवल्याशिवाय मला स्वस्थ बसवत नाही. आधीच सांगून टाकतो: मी हरलो.

तुम्ही तळमजल्यावर, आम्ही दुसऱ्या मजल्यावर. सहा वर्षं जिन्यात "काय बाई, बरं ना?" यापलीकडे आपलं बोलणं नव्हतं. मग २००५च्या जुलैत उल्हास नदी आपल्या बिल्डिंगमध्ये शिरली. लोक टीव्ही, शेगड्या, लग्नाचे अल्बम वर आणत होते. तुम्ही कमरेएवढ्या पाण्यातून डोक्यावर एक गाठोडं घेऊन जिना चढलात आणि माझ्या दारात उभ्या राहून म्हणालात, "तावडे, इस्त्री आहे का?"

"आहे. पण वीज नाही हो."

"मग रद्दी?"

"आहे. तारखेवार लावलेली आहे," मी म्हटलं. म्हणजे देणार नाही, असं मला म्हणायचं होतं.

"छान. जुन्या तारखेपासून सुरू करू," तुम्ही म्हणालात आणि आत आलात.

गाठोडं सोडलंत तेव्हा मला कळेना की हे काय आहे. जाड कागद, आणि प्रत्येक कागदावर वाळलेली फांदी चिकटवलेली, पानांसकट, फुलांसकट, कुठे शेंग, कुठे साल. खाली उजव्या कोपऱ्यात छोटी चिठ्ठी: झाडाचं नाव, कुठे मिळालं, तारीख, कुणी तोडलं, अनुक्रमांक. कॉलेजात एक जुनं कपाट रिकामं करायचं ठरलं होतं आणि त्यातल्या दुबार प्रती टाकून देणार होते. मे महिन्यात निवृत्त होताना तुम्ही अर्ज करून त्या मागून घेतल्या होत्या. मी विचारलं, "अर्जावर मंजुरीची सही आहे?" बाहेर जिन्याच्या चौथ्या पायरीपर्यंत पाणी आलेलं. तुम्ही माझ्याकडे एकदा नीट पाहिलंत, गाठोड्यातून प्लास्टिकची पिशवी काढलीत आणि सहीचं पत्र माझ्या हातात दिलंत. त्या क्षणापासून मी तुम्हाला मानायला लागलो.

कागद ३१२ होते. रोज रद्दी बदलायची, ओली काढायची, कोरडी घालायची, वर पाटा, वरवंटा आणि मुलीची जुनी पुस्तकं ठेवायची. वीज आल्यावर पंखा आणि इस्त्री. नऊ दिवस आम्ही स्वयंपाकघरात झोपलो. शैला म्हणाली, "माझ्या घरात पापड वाळत घालायला जागा नाही आणि यांनी जंगल वाळत घातलंय." पण इस्त्री तीच करायची, कारण माझ्या हातून एक कुड्याचं पान करपलं होतं. शेवटी २८७ वाचले, २५ गेले. गेलेल्यांचीही यादी तुम्ही माझ्याकडून करून घेतलीत.

गाठोडं ज्यात बांधलेलं होतं ते जुनं नऊवारी लुगडं होतं. जांभळं, पिवळ्या चौकड्यांचं, एका कोपऱ्याला पांढऱ्या दोऱ्याने मारलेलं चौकोनी ठिगळ. शैलाने ते धुऊन वाळत घातलं आणि विचारलं, "बाई, हे तुमच्या आईचं का?"

"नाही गं. एकीचं आहे. द्यायचं राहिलंय."

एवढंच. त्यानंतर दीड वर्ष दर रविवारी मी ते ठिगळ बघत होतो.

मी मोरिवलीला रंगाच्या कारखान्यात स्टोअर्स बघतो. माल आला की चार गोष्टी लिहायच्या: काय, किती, कधी आला, कुठल्या रॅकवर ठेवला. तुमच्या चिठ्ठ्यांवर तेच होतं, फक्त रॅकच्या जागी डोंगर, नाला, गाव. मी रजिस्टर आखलं. २८७ ओळी भरल्यावर मी म्हटलं, "बाई, जागा लिहिलेली आहे तर ती नकाशावर का दिसू नये? हिरडा कुठे कुठे होता ते एका नजरेत कळेल."

तुम्ही म्हणालात, "मोठ्या संस्थांत हेच करतात, तावडे. जुन्या चिठ्ठ्यांवरून एकेका झाडाचा मुलूख काढतात. तिकडे कॉम्प्युटर आहेत."

"इथे टिकल्या आहेत," शैला आतून म्हणाली.

आणि तिने पाकीट आणून दिलं. हिरड्याला लाल, कळंबाला हिरवी, कुसुंबाला मरून, सोनसावरीला पिवळी. तीन महिन्यांनी ती कुरकुर करायला लागली, "हळदीकुंकवाला जायचं तर माझ्या कपाळाला एक धड टिकली नाही. सगळ्या बारवीच्या जंगलात!"

माझी मोठी चूक त्याच सुमाराची. ४३ कागदांवर जागा म्हणून नुसतं 'बदलापूर' लिहिलेलं होतं. मी नियमाने सगळ्या टिकल्या बदलापूर स्टेशनावर लावल्या, एकीला एक खेटून. तुम्ही नकाशा पाहिलात आणि खुर्चीवर बसकण मारलीत. हसता हसता तुम्हाला ठसका लागला. शैला पाणी घेऊन धावली.

"अहो तावडे, फलाटावर हेद, कळंब, कुसुंब! तिकीटघरात हिरडा! एवढं जंगल असतं तर मी रोज गाडी चुकवली असती की!"

मग तुम्ही समजावलंत. कॉलेजचे सर स्टेशनावर उतरायचे, दहा-बारा मैल डोंगरात पायपीट करायचे, आणि संध्याकाळी चिठ्ठी लिहिताना तिकिटावरचं गाव लिहायचे. त्यांना कुणी विचारणार नव्हतं. झाडाला फुलं कुठल्यातरी कड्यावर लागलेली, पण चिठ्ठीवर ते झाड रेल्वेच्या मालकीचं झालं.

पण त्यातून वाट काढायचीही एक रीत असते, ती तुम्हीच शिकवलीत. अनुक्रमांक बघायचे. ११८ नंबरवर 'बदलापूर' आणि त्याच तारखेच्या ११९वर 'बारवी नदीकाठ' असेल, तर ११८ही त्याच वाटेवरचा. एका दिवसात माणूस दोन दिशांना चालत नाही. हे मला फार आवडलं. आमच्याकडे मालासोबतची चलनं हरवली की आम्हीही असंच मागचं-पुढचं चलन बघून माल शोधतो. असं करत आपण टिकल्या एकेक करून स्टेशनावरून उचलल्या आणि डोंगरात नेऊन लावल्या. काठावरची मुलं एकेक करून पुढच्या वर्गात ढकलावीत तशा. दिवाळी २००६ला स्टेशनावर एकच उरली. पिवळी.

सोनसावर खडकाळ उतारावर येते. फाल्गुनात पानं गळून जातात आणि उघड्या फांद्यांच्या टोकांना वाटीएवढी पिवळी फुलं लागतात. तुमच्या कागदावर त्यातलं एक होतं, वाळून कागदासारखं झालेलं. चिठ्ठी: बदलापूर, मार्च १९६९. गोळा करणारा म्हणून सरांचं नाव. त्या दिवशीचा दुसरा एकही कागद नाही. मागे-पुढे नंबर नाही. वाट संपली.

"ती इथली नाही, उचला," तुम्ही म्हणालात. "बारवीच्या वाटेवर ठाकरवाडी आहे, तिच्या मागच्या उतारावरची. मीच चढले होते झाडावर. नोकरीला लागून वर्ष झालं नव्हतं. सर खाली छत्री घेऊन उभे. ते लाकूड ठिसूळ, फांदीसकट मी खाली आले. साडी गुडघ्यापासून वर उभी फाटली."

"मग घरी कशा गेलात?"

"गेले कशीतरी."

"बाई, तुम्ही सांगताय ते खरंच असणार. पण कागदावर बदलापूर आहे. आठवणीवर मी टिकली हलवणार नाही."

"म्हणजे मी खोटं बोलते?"

"नाही. पण उद्या मीही म्हणेन, मला आठवतंय स्टोअरमध्ये दहा ड्रम होते. ऑडिटवाला ऐकेल?"

हा वाद नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत चालला. तुम्ही रागावून एक रविवार आला नाहीत. शैलाने वाटीभर खीर खाली पाठवली, तुम्ही वाटीत परत चार आवळे पाठवलेत, पण आला नाहीत. पुढच्या रविवारी आलात ते पैज घेऊनच. "झाड अजून तिथेच उभं आहे, मार्चमध्ये फुलेल. तुम्ही चला, तिथे तुमची खात्री पटली नाही तर दोन प्लेट माझ्याकडून," तुम्ही म्हणालात. मी म्हटलं, झाड दिसेल, पण १९६९ची फांदी त्याचीच हे कशावरून? "तिथे कळेल," तुम्ही म्हणालात. हसलात. ते हसणं मला तेव्हा नुसतं हट्टाचं वाटलं.

पैजेचा नियम तुमचाच. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधल्या सिंधी दालपकवानाच्या गाडीवर जायचं, हरणाऱ्याने दोन प्लेट घ्यायच्या, जिंकणाऱ्याने एक खायची आणि दुसरी हरणाऱ्यालाच द्यायची. मी एकदा म्हटलं होतं की यात जिंकणाऱ्याचा फायदा निम्माच होतो. तुम्ही म्हणालात, "समोर कुणी नुसतं बघत बसलं की मला खाता येत नाही."

१८ जानेवारीबद्दल फार लिहीत नाही. सकाळी तुमच्या दाराशी दुधाची पिशवी नऊ वाजेपर्यंत तशीच होती, ती शैलाने पाहिली. तुमचे भाऊ अंबरनाथहून आले, विहारातले लोक आले, वंदना झाली. सगळं व्यवस्थित झालं. चौथ्या दिवशी भावाने गाठोडं माझ्या हातात दिलं. "ताईनं लिहून ठेवलंय, हे तावड्यांकडे. पावती घेऊ नये." बाई, मी पावती दिलीच.

नकाशा तसाच होता. स्टेशनावर पिवळी टिकली. मला ती रोज दिसायची, आणि मला तुमचा थोडा रागही यायचा. वाद अर्धा टाकून जाणं हे तुमच्या स्वभावातलं नव्हतं.

४ मार्चला मी एकटाच निघालो. टमटमने बारवीच्या रस्त्यावर उतरलो आणि चालायला लागलो. फार शोधावं लागलंच नाही. वाडीच्या मागे करड्या उतारावर एकच झाड, एक पान नाही, आणि टोकाटोकाला पिवळं. रस्त्यावरूनच दिसत होतं. मी छत्री मिटली आणि उगाचच हसायला लागलो. शेजारून जाणाऱ्या दोन पोरी थांबून माझ्याकडे बघायला लागल्या.

झाडाखालच्या घरात पंचावन्नच्या आसपासच्या एक बाई धान्याच्या कणग्या सारवत होत्या. जनीबाई. मी सांगितलं की झाड बघायला आलोय.

"झाड बघाया? ते काय पळून जातंय व्हय?" त्या म्हणाल्या. "बसा. पानी घ्या."

मी विचारलं, झाड किती वर्षांचं? त्या म्हणाल्या, "मी लगीन होऊन आले तवा बी हे येवढंच व्हतं." मग जरा थांबून, "तवा एक पोरगी चढली व्हती त्याच्यावर. शहरातली. एक म्हातारा खाली छत्री धरून हुबा, आन् ही वर. धाडकन खाली आली फांदी घेऊन!"

बाई, मी तांब्या खाली ठेवला.

"साडी फाटली का तिची?"

"फाटली म्हंजी? लाज झाकाया काय राहिली न्हाय. रडत व्हती. मी माझ्या सासूचं लुगडं आनून दिलं, नेसवून दिलं. म्हनली, धुऊन आनून देते. गेली ती गेलीच! सासूनं मला वर्सभर ऐकवलं. तुमाला कसं म्हाइत, कोन लागते ती तुमची?"

मी विचारलं, लुगडं कसं होतं. मी मुद्दाम काही सुचवलं नाही, बाई. साक्षीदाराला आपण शब्द पुरवायचा नसतो.

"जांभळं. पिवळ्या चौकड्या. एका टोकाला ठिगळ व्हतं, मीच मारलेलं, पांढऱ्या दोऱ्यानं. जांभळा दोरा व्हता कुठं तवा घरात?"

दोन्ही नोंदी माझ्याकडे होत्या. 'गेले कशीतरी' ही एक, आणि 'एकीचं आहे, द्यायचं राहिलंय' ही दुसरी. दोन रकान्यांत लिहून ठेवल्यासारख्या, आणि स्टोअरकीपर असून मी त्या एकमेकींना कधी लावून पाहिल्या नाहीत. 'तिथे कळेल' म्हणून तुम्ही का हसलात, ते मला त्या ओट्यावर बसून कळलं.

मी विचारलं, "तुम्ही तिला नाव विचारलं होतंत?"

"नाव कशाला इचारू? पोर हुगडी हुबी, तिला नाव काय इचारायचं?"

एकदा इस्त्री करता करता तुम्ही शैलाला सांगितलं होतं की त्या काळी गावात पाणी मागितलं तर लोक आधी आडनाव विचारायचे आणि मग तांब्या वरून धरायचे की हातात द्यायचा ते ठरवायचे. हे तुम्ही तक्रारीच्या सुरात सांगितलं नव्हतं. कुठल्या झाडाला काटे असतात हे सांगावं तसं सांगितलंत. मला वाटतं, लुगडं तुमच्याकडून देणं विसरलं गेलं नाही. तुम्हाला ते हातातून सोडवत नव्हतं. अडतीस वर्षांत तुम्ही तोडलेली प्रत्येक फांदी तुम्ही त्यातच बांधलीत, आणि प्रत्येक चिठ्ठीवर नाव दुसऱ्याचं. पण हा माझा अंदाज आहे. विचारायला हवं होतं, विचारलं नाही.

जनीबाईंच्या नातीने काठीने एक फुलांची डहाळी पाडून दिली. मी ती दोन वर्तमानपत्रांत घातली, तारखेचं बघितलं नाही.

घरी आल्यावर शैलाने दार उघडलं आणि माझं तोंड बघून म्हणाली, "हरलात वाटतं!" आणि असं हसली की गेल्या दीड महिन्यात या घरात तसं कुणी हसलं नव्हतं. मग आम्ही दोघांनी बसून टिकली उचलली. नखाने निघेना, डिंक पक्का बसला होता. स्टेशनावर तिचा पिवळा गोल डाग राहिला आहे. तो राहू दिला.

जुन्या चिठ्ठीवर खाडाखोड केलेली नाही. शंका असेल तर शेजारी नवी चिठ्ठी लावायची, ही तुमची शिकवण. नव्या चिठ्ठीवर लिहिलंय: 'जागा: बारवी रस्ता, ठाकरवाडीमागचा उतार. झाडावर चढून फांदी तोडणारी: सुलोचना जाधव. खात्री: लुगड्याच्या ठिगळावरून.' तुमच्या सरांचं नाव मूळ चिठ्ठीवर आहे तसंच आहे. नव्या डहाळीचा कागद नंबर २८८. आणि बाई, एक स्पष्ट सांगतो: टिकली मी तुमच्या आठवणीवर हलवलेली नाही. ठिगळावर हलवली. त्या मुद्द्यावर मी अजून माझ्या जागी ठाम आहे, आणि तुम्ही यावर काय म्हणाला असता तेही मला ऐकू येतं.

पुढच्या रविवारी आधी कॅम्प एकला गेलो. तिथला कापडवाला म्हणाला, "नौवारी? चौकडीवाली? साईं, अब कौन पहनता है?" तरी वरच्या खणातून चार काढून दिली. जांभळं एकच होतं. तिथून कॅम्प पाच. गाडीवाल्याने विचारलं, "मॅडम किधर है?" मी सांगितलं. त्याने झारा खाली ठेवला. मग डाळ डब्यात भरली, पकवान वेगळे कागदात बांधले आणि मी दोनच म्हणत असताना तिसरी प्लेट बांधली. "वो मेरी तरफ से." ती मी परत येऊन शैलाला दिली. ती साक्षीदार होती, तिचा हक्क होता.

झाडाखाली बसून जनीबाई आणि मी दालपकवान खाल्लं. जिंकणाऱ्याची प्लेट त्यांना, दुसरी मला, तुमच्या नियमाने. पकवान मोडताना मोठा आवाज झाला तशा त्या दचकल्या, मग म्हणाल्या, "पापडाचा बाप दिसतोय ह्यो." वरून एक फूल डाळीत पडलं. त्यांनी ते काढून माझ्या प्लेटमध्ये ठेवलं, "घ्या, तुमाला पाला लागतो ना."

मग मी त्यांना तुम्ही गेल्याचं आणि गाठोड्याचं सांगितलं, आणि दोन्ही लुगडी पुढे ठेवली, नवं आणि जुनं. त्यांनी आधी जुनं हातात घेतलं. ठिगळ शोधलं, अंगठ्याने चाचपलं. "शिवण बघा कशी वाकडी. सोळा वर्साची व्हते." बराच वेळ ते मांडीवर धरून बसल्या. मग विचारलं, "काय नाव व्हतं हो तिचं?"

मी सांगितलं. सुलोचना. त्यांनी एकदा स्वतःशी म्हणून पाहिलं.

नवं लुगडं त्यांनी घडी मोडून अंगाला लावून पाहिलं आणि घरात नेऊन ठेवलं. जुनं माझ्याकडे परत केलं. "हे ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच. पाला कशात बांधाल?"

तेव्हा दिलं ते असं. दालपकवान दोन प्लेट: एक जनीबाईंना, एक हरणाऱ्याला, म्हणजे मला. नऊवारी लुगडं, जांभळं, चौकडीचं, नग एक, मार्च १९६९पासून द्यायचं राहिलेलं: जनीबाई, ठाकरवाडी यांना, सुलोचना जाधव यांच्याकडून. पोचलं.